कपाटाला कुलूप: वाचनालयाच्या सर्व्हरच्या प्रकल्प नोंदी

३ जून २०२४, सोमवार

सर्व्हर आजपासून रीतसर माझ्या गळ्यात पडला. वाचनालयाच्या मागच्या खोलीत, जुन्या दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यांना टेकून उभा असलेला एक डेस्कटॉप. डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली, १६ जीबी रॅम, दोन डिस्क, एक इन्व्हर्टर आणि शेजारी गळक्या कौलाखाली ठेवलेली बादली. त्यावर तीन बिऱ्हाडं नांदतात. वाचनालयाने स्कॅन केलेली जुनी हँडबिलं नि उत्सवी नाटकांची हस्तलिखितं. नाट्यमंडळाच्या संहिता नि तालमींची रेकॉर्डिंगं. आणि शाळेतल्या प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या पोरांची खाती.

हा संसार सरांनी मांडला. सर म्हणजे निवृत्त गणित शिक्षक. माझ्या वयाच्या निम्म्या फोंडेकरांचे कान त्यांनी कधी ना कधी पिळलेत. सर्व्हरबद्दल त्यांचा नियम एकच होता: "वाचनालयाच्या दाराला कुलूप असतं. आतल्या कपाटांना नको."

कपाटांची आजची स्थिती लिहून ठेवतो. खाती ३८, त्यातली ११ गाव सोडून गेलेल्यांची. सामायिक फोल्डरची परवानगी ७७७, म्हणजे कुणीही यावं, वाचावं, लिहावं, पुसावं. 'वाचक' नावाचं एक खातं सगळ्यांचं मिळून. त्याचा पासवर्ड भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या डिसेंबरच्या पानामागे. कालनिर्णय २०१९ चं आहे, केवळ पासवर्डसाठी टांगून ठेवलेलं. सुडोचा, म्हणजे यंत्राच्या मालकाच्या नावाने हुकूम सोडायचा, अधिकार सहा जणांना, पैकी दोघांना तो आपल्याकडे आहे हेच माहीत नाही. एसएसएचचं, म्हणजे दुरून लॉगिन करायच्या वाटेचं, २२ नंबरचं पोर्ट (दारच ते) अख्ख्या जगाला उघडं.

लॉग, म्हणजे यंत्राची नोंदवही, पाहिला. कालच्या एका दिवसात फसलेले लॉगिन चार हजारांवर. रूट, ॲडमिन, टेस्ट, ओरॅकल, उबुंटू अशा नावांनी. ही माणसं नव्हेत. दारोदार फिरून कडी हलवून बघणारी यंत्रं. आमच्या हँडबिलांत त्यांना काडीचा रस नाही. त्यांना हवा असतो फुकटचा प्रोसेसर आणि फुकटचा पत्ता, जिथून पुढच्याच्या घरात शिरता येतं. "आमच्याकडे चोरण्यासारखं आहे काय?" हा प्रश्न समितीतून आजच दोनदा आला.

८ जून, शनिवार

गेलेल्यांची ११ खाती गोठवली. पुसली नाहीत, फाईली त्यांच्या आहेत. सुडो सहावरून दोनवर: मी आणि ग्रंथपाल ताई. 'वाचक' खातं बंद. कालनिर्णय उतरवलं, तर भिंतीचे पोपडे दिसू लागले. ताईंनी ते पुन्हा टांगलं.

१२ जून, बुधवार

सकाळी सातला नाट्यमंडळाच्या भाईंचा फोन. "अरे, दुसरो अंक खंय गेलो?"

पहिल्यांदा वाटलं, झालं, शिरलं कुणीतरी. तासभर लॉग उपसले. शेवटी निघालं ते असं: शाळेतल्या एका पोराला डिस्क भरत आलेली दिसली आणि त्याने परोपकार म्हणून 'जुन्या दिसणाऱ्या' फाईली पुसल्या. भाईंनी आपली संहिता फक्त वाचण्यापुरती करून ठेवली होती आणि त्यामुळे ती सुरक्षित आहे अशी त्यांची समजूत होती. इथेच बहुतेक जण फसतात. युनिक्सच्या जगात (लिनक्स त्याच घराण्यातलं) फाईल पुसण्याचा अधिकार फाईलवर ठरत नाही, ती ज्या फोल्डरात आहे त्यावर ठरतो. फोल्डर सगळ्यांना लिहायला मोकळा असेल, तर आतल्या फाईलला कितीही जपा, ती कुणीही उचलून फेकू शकतो.

यावरचा उपाय जुनाच आहे. प्रत्येक युनिक्स यंत्रातला टेंप, म्हणजे तात्पुरत्या फाईलींचा, फोल्डर असाच सगळ्यांना मोकळा असतो, पण त्याच्या ७७७ च्या आधी एक १ असतो, स्टिकी बिट. अर्थ: इथे कुणीही ठेवावं, पण आपलं ते आपणच उचलावं. देवळाबाहेरच्या चपलांसारखं. एका आकड्याचं काम होतं आणि इतकी वर्षं कुणी केलं नव्हतं, कारण इतकी वर्षं कुणी परोपकारी भेटला नव्हता.

बॅकअप नऊ दिवसांपूर्वीचा निघाला. दुसऱ्या अंकातला नवा प्रवेश गेला. भाईंनी रात्री बसून तो आठवून लिहिला आणि आधीपेक्षा बरा उतरलाय म्हणाले. हा त्यांचा चांगुलपणा.

१५ जून, शनिवार

एका बैठकीत सगळं आवळलं. प्रत्येकाचा होम, म्हणजे खाजगी, फोल्डर ७००: मालकाशिवाय कुणी आत डोकावायचं नाही. पासवर्ड किमान १४ अक्षरांचा, दर ३० दिवसांनी बदलायचा. फेलटूबॅन बसवलं: तीन वेळा चुकलात की तो पत्ता २४ तास बंद. सामायिक फोल्डर तीन गटांत तोडला, एका गटाचं दुसऱ्याला दिसणार नाही. रात्री पावसात स्कूटरवरून घरी जाताना स्वतःबद्दल फार बरं वाटत होतं.

२१ जून, शुक्रवार

शाळेतल्या बाईंचा फोन: "तुमचा सर्व्हर मेला काय हो?"

सर्व्हर ठणठणीत होता. शाळेच्या लॅबमधले सगळे संगणक एकाच राउटरमागून बाहेर पडतात, त्यामुळे आमच्या सर्व्हरला ते २४ संगणक म्हणजे एकच पत्ता. नववीतल्या एकाने नवा १४ अक्षरी पासवर्ड तीनदा चुकवला आणि अख्खा वर्ग दिवसभरासाठी बाहेर. चार हजार वेळा कडी हलवणारी यंत्रं दर खेपेस नव्या पत्त्यावरून येतात. त्यांचं काही बिघडलं नव्हतं. आवळलेल्या फासात घरचीच माणसं सापडली होती.

मग जरा हिंडून पाहिलं. ताईंच्या टेबलाच्या काचेखाली नवा पासवर्ड, तिथल्या गणपतीच्या शेजारी. नाट्यमंडळ संहिता आता व्हॉट्सॲपवर फिरवतं. दुसऱ्या अंकाच्या चार निरनिराळ्या प्रती आहेत आणि नायिकेने पाठ केलेली कुणाकडेच नाही. एक पेनड्राइव्ह तीन लॅपटॉपांतून फिरून वाचनालयाच्या संगणकात आला होता. सर्व्हर सुरक्षित झाला होता तो असा, की आतलं सगळं बाहेर राहायला गेलं होतं.

लाज वाटण्याचं कारण हे, की मला हे ठाऊक होतं. साल्ट्झर आणि श्रोडर या दोघांनी १९७५ मध्येच सुरक्षिततेची तत्त्वं मांडताना, कमीत कमी अधिकार द्या, रचना गुप्त ठेवू नका, यांच्या रांगेत हेही बसवलं होतं की संरक्षण माणसाच्या हाताला सोपं असलं पाहिजे, नाहीतर तो ते नीट वापरणार नाही. दर महिन्याला पासवर्ड बदलायला लावू नका, असं अमेरिकेच्या 'निस्ट' या मानक संस्थेने २०१७ मध्ये सांगितलंय. मुदत घातली की लोक शेवटचा आकडा एकाने वाढवतात. ताईंच्या चिठ्ठीत तेच होणार होतं. 'जून' खोडून 'जुलै'.

मुदत काढली. फेलटूबॅन पाच चुकांना दहा मिनिटं, म्हणजे मुळात येतं तसंच. शाळेचा पत्ता अपवादात. पासवर्डच जावेत यासाठी सगळ्यांना एसएसएच किल्ल्या करून द्यायच्या, पुढच्या पंधरवड्यात.

१ जुलै, सोमवार

संध्याकाळी चहाला बसलो आणि बातमी आली: एसएसएच चालवणाऱ्या ओपनएसएसएचमध्येच भोक, सापडलंय क्वालिस या सुरक्षा कंपनीच्या लोकांना. गंमत म्हणजे हे भोक २००६ मध्ये एकदा बुजवलेलं होतं. ऑक्टोबर २०२० मधल्या एका बदलात बुजवणीची ओळ निघून गेली. लॉगिनसाठी दिलेली १२० सेकंदांची मुदत संपण्याच्या नेमक्या क्षणी घोळ घातला की रूट, म्हणजे यंत्राचा सर्वाधिकार, हाती येऊ शकतो. ३२ बिटच्या यंत्रावर त्यांना सरासरी दहा हजार प्रयत्न लागले, सहा ते आठ तास. आमचं यंत्र ६४ बिटचं, तिथे अजून कुणी करून दाखवलेलं नाही. पण डेबियन १२ यादीत आहे.

रात्री डेबियनची दुरुस्ती चढवली, सेवा पुन्हा सुरू केली. दहा मिनिटांचं काम. डोक्यात राहिली ती वेगळी गोष्ट. ही चूक लॉगिनच्या आधीची आहे. किल्ल्या असोत की पासवर्ड, फरक शून्य. कुलूप कितीही चांगलं आणा, भोक चौकटीत असेल तर प्रश्न उरतो दारापर्यंत कोण पोहोचू शकतं एवढाच.

६ जुलै, शनिवार

किल्ल्यांचा दिवस. लोक लॅपटॉप घेऊन आले, एकेकाची किल्ली तयार केली, सार्वजनिक अर्धा सर्व्हरवर, खाजगी अर्धा त्यांच्याकडे. भाईंना समजवायला सोपं गेलं: कुलूप मला द्या, चावी तुमच्याकडे ठेवा. संध्याकाळी पासवर्डने लॉगिन बंद केलं. २७ पैकी २५ जणांचं काम झालं. एक आजारी होता. दुसरे सर.

सर आले होते, पण किल्ली घ्यायला नव्हे, भांडायला. मिरची भजी मागवून दीड तास भांडले. म्हणणं असं: एमआयटीच्या प्रयोगशाळेत आयटीएस नावाची जी प्रणाली चालायची तिला पासवर्डच नव्हते. कुणीही बसावं, कुणाचंही काम पाहावं, सुधारावं. पुढे तिथल्या दुसऱ्या संगणकावर पासवर्ड आले, तेव्हा रिचर्ड स्टॉलमनने ते उलगडून ज्याला त्याला कळवलं की त्यापेक्षा रिकामा पासवर्ड ठेव, नुसतं एंटर दाब. काहींनी ऐकलंही. "नि त्यातनं जी नंतर जीएनयू ही मोकळी प्रणाली झाली, तिच्यावर तुझा हा डेबियन उभा आहे. कुलपावर उभा नाही."

मी युनिक्स जिथे जन्मलं त्या बेल लॅब्जची गोष्ट काढली. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी १९७९ मध्ये ३,२८९ पासवर्ड तपासले. त्यातले ८६ टक्के एकतर फार आखूड, नाहीतर शब्दकोशात सापडणारे. आकडे ऐकून सर जरा निवले, गणिताचा माणूस. मग पुढचं सांगितलं. याच मॉरिसचा मुलगा, तोही रॉबर्ट. २ नोव्हेंबर १९८८ ला त्याने सोडलेला वर्म, म्हणजे आपणहून यंत्रायंत्रांत पसरणारा प्रोग्रॅम, तेव्हाच्या इंटरनेटवर पसरला. सुमारे सहा हजार यंत्रं सापडली असा तेव्हाचा अंदाज. वर्मकडे शिरायच्या तीन-चार वाटा होत्या, त्यातल्या दोन अशा: सोपे पासवर्ड ओळखणे, आणि 'हे यंत्र शेजारच्या यंत्राला ओळखतं, त्याला विचारू नका' अशी विश्वासाची यादी.

सर भजी खाता खाता थांबले. "म्हणजे बापाने धडा शिकवला नि पोराने गृहपाठ केला."

किल्ली मात्र घेतली नाही. "मला वाचायचंच आहे फक्त. ब्राउझरमधून वाचीन." तेवढं मी मोकळं ठेवलंय: स्कॅन केलेलं सगळं कुणालाही, खात्याशिवाय, कुठूनही. यावर आमचं कधीच भांडण नव्हतं, हे दोघांच्याही लक्षात भजी संपल्यावर आलं.

२० जुलै, शनिवार

काल क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका अपडेटने जगभरची विंडोज यंत्रं निळी पडली. ताईंनी विचारलं, "आपलं ते आपोआप अपडेट बंद करायचं का?" प्रश्न बरोबर आहे. तीन आठवड्यांपूर्वी अपडेट मिळालं नसतं तर पंचाईत होती. काल मिळालं म्हणून पंचाईत झाली. ठरवलं: डेबियनच्या सुरक्षा दुरुस्त्या आपोआप, बाकी सगळं महिन्यातून एकदा हाताने, आणि त्याआधी बॅकअप खरोखर परत उतरवून पाहायचा. आज उतरवून पाहिला. उतरला.

३ ऑगस्ट, शनिवार

ही नोंद जरा लांबणार.

गुरुवारी संध्याकाळी बारावीतला एक मुलगा वाचनालयाच्या व्हरांड्यात घोटाळत होता. आत ये म्हटलं तर छत्री मिटून पुन्हा उघडली, मग आला. "दादा, एक विचारू? रागावणार नाही ना?"

त्याच्या हातात रफ वहीचा घडी घातलेला कागद होता. त्यावर त्याने पेन्सिलने एक ओळ उतरवली होती, शेवटची चार अक्षरं गिरवून काळी केलेली. ती ओळ मी ओळखली. बॅकअप दूरच्या साठ्यावर पाठवायची माझी पायथन स्क्रिप्ट, आणि तिला शेपटीसारखा जोडून दिलेला साठ्याचा पासवर्ड.

यंत्रावर काय काय चालू आहे ते दाखवणारी पीएस ही कमांड कुणालाही चालवता येते आणि प्रत्येक प्रक्रियेची पूर्ण ओळ त्यात दिसते. माझी स्क्रिप्ट रोज संध्याकाळी सातला सुटते. पोरं सातलाच लॉगिन असतात. महिनाभर मी माझ्याच बॅकअपचा पासवर्ड रोज सातला चावडीवर ओरडून सांगत होतो.

"व्हॉट्सॲपवर का नाही पाठवलंस?"

"पासवर्ड व्हॉट्सॲपवर कसा पाठवू?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पण राग आलाच. त्याचा नव्हे, त्याला दिसलं याचा. रात्री घरी बसून हाइडपिड लावलं, म्हणजे प्रत्येकाला फक्त आपल्याच प्रक्रिया दिसतील. साठ्याचा पासवर्ड बदलला, स्क्रिप्टमधून काढून ६०० परवानगीच्या, म्हणजे फक्त मालकाला उघडणाऱ्या, वेगळ्या फाईलमध्ये ठेवला. शुक्रवारी सकाळी बाईंचा फोन: आज प्रक्रिया हाच धडा होता आणि पोरांना पीएसमध्ये काहीच दिसत नाही. दुपारी सर्व्हर रेंगाळला. एकाचं लूप सुटलं होतं. एरवी पोरं स्वतःच टॉप ही कमांड लावून यंत्र कोण खातंय ते शोधायची आणि वर्गातून हाक जायची, "ए, तुझं बंद कर रे!" यावेळी कुणालाच दिसलं नाही, म्हणून सगळे माझ्याकडे आले.

तेव्हा उलगडलं की मी दोन कामं एकात केली होती. पासवर्ड चुकीच्या जागी होता, तो हलवायचा होता. तेवढ्याने भागत होतं. खिडकीवर पत्रा ठोकायची गरज नव्हती. युनिक्सनेही हेच केलंय. खात्यांच्या यादीची पासवर्ड नावाची फाईल आजही सगळ्यांना वाचता येते, कारण कोण कोण राहतं हे अनेक कामांना लागतं. एके काळी सांकेतिक रूपातले पासवर्डही त्यातच असत. यंत्रं वेगवान झाली, ते फोडणं सोपं झालं, तेव्हा यादी झाकली नाही. तेवढा एक रकाना उचलून शॅडो नावाच्या बंद फाईलमध्ये नेला. फाईलचं जुनं नाव तेवढं उरलं.

आज हाइडपिड काढलं. त्याऐवजी प्रत्येक खात्याला मेमरीची मर्यादा घातली, म्हणजे लूप सुटलं तर ज्याचं त्याचंच अडेल.

यंदाच्या मार्चमधली एक्सझीची, म्हणजे फाईली दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रॅमची, गोष्ट पोरांना सांगायची ठरवलीय. ॲन्ड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएच लॉगिनला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय असं वाटलं. तो खणत गेला आणि ५.६.० नि ५.६.१ या आवृत्त्यांत कुणीतरी मुद्दाम पेरलेलं चोरदार सापडलं. त्याला खणता आलं, कारण सगळं उघडं होतं. चोरालाही पेरता आलं ते उघडं होतं म्हणूनच, हेही सांगावं लागेल. पोरं ते विचारणारच.

मुलाला दोन कमांडपुरता सुडो दिला: वेब सेवा पुन्हा सुरू करणे आणि डिस्क तपासणे. एडिटर त्यात नाही. सुडोने उघडलेल्या व्हीआय एडिटरमधून रूटच्या शेलमध्ये, म्हणजे थेट सर्वाधिकारात, उतरता येतं, हे त्याला मीच सांगितलं. तो म्हणाला, "माहीत आहे."

१८ ऑगस्ट, रविवार

समितीचे खजिनदार काका बोरी गावचे. फायरवॉलचा खर्च म्हणजे काय, असं त्यांनी गेल्या बैठकीत विचारलं होतं. मी सांगितलं, खर्च नाही, नियम आहेत. मग म्हणाले, रविवारी घरी ये, आमची फायरवॉल दाखवतो.

बांधावरून चालत खाजनाच्या, म्हणजे नदीकाठच्या बांध घातलेल्या शेताच्या, मानशीपर्यंत (पाण्याच्या दारापर्यंत) नेलं. एका बाजूला जुवारी नदीचं खारं पाणी, दुसऱ्या बाजूला हिरवंगार भात, मध्ये दगडी चौकटीतली लाकडी दारं. उद्या नारळी पौर्णिमा, पाणी उधाणाचं. भरती चढली तसं बाहेरचं पाणी दारांवर दाबलं आणि ती कुणी हात न लावता मिटली. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी त्यांना ढकलून बाहेर पडतं. रखवालदार नाही, वीज नाही. फटींतून थोडं पाणी झिरपत होतं. काका म्हणाले, तेवढं चालतं.

आमचा फायरवॉलही असाच असायला हवा: आतून सुरू झालेलं संभाषण बाहेर जावं, त्याचं उत्तर परत यावं, बाहेरून आपणहून आलेलं थांबावं.

"मोडते कशी?" मी विचारलं.

"मोडत नाही. उघडी ठेवतात." मानशीवरच्या मासळीचा लिलाव होतो. भरतीला दार जरा धरून ठेवलं की आत मासळी जास्त येते. घेणाऱ्याचा फायदा होतो आणि खारं पाणी शेतात शिरतं. एकदा शिरलं की जमीन पुन्हा गोडी व्हायला पावसाळे जातात. "जो उघडतो त्याचं शेत आत नसतं," काका म्हणाले.

घरी येऊन नियमांची यादी काढली. ८०८० नंबरचं पोर्ट उघडं. जूनच्या शेवटी भाईंना तालीम पुण्यातल्या लेखकाला थेट दाखवायची होती, म्हणून 'दोन दिवसांसाठी' मीच उघडलेलं. सात आठवडे झाले. बंद केलं. एसएसएच आता शाळेच्या पत्त्यावरून, वाचनालयाच्या आतून, किंवा वायरगार्ड हा खाजगी बोगदा लावून. भाईंच्या फोनवर वायरगार्ड बसवायला चार मिनिटं लागली. वेबची पोर्टं जगाला मोकळी, हँडबिलं तिथूनच जातात. यापुढे प्रत्येक अपवादापुढे कुणी मागितला आणि कधी मिटणार हे लिहायचं.

(दुसऱ्या दिवशीची भर) सोमवारचा लॉग: फसलेले लॉगिन तीन. तिन्ही भाईंचे.

३१ ऑगस्ट, शनिवार

भाई संतापलेले. काल्याच्या, म्हणजे देवळाच्या उत्सवातल्या, नाटकाची कथा शेजारच्या गावात फुटलीय असा त्यांना संशय. "माझी फाईल कोणी कोणी उघडली ते काढून दे."

काढता येत नाही. लिनक्स मुळात एवढंच लिहून ठेवतो की फाईल शेवटची कधी वाचली गेली, तेही ढोबळ. कोणी वाचली ते नाही. ऑडिट लावलं तर कळेल, पण मग प्रत्येकाचं प्रत्येक वाचन माझ्याकडे जमा होणार. वाचनालयात कोण काय वाचतो याची वही मी घरी नेतो, असं व्हायचं. ताईंनी एका वाक्यात निकाल लावला: "कुणी कुठलं पुस्तक नेलं हे मी नवऱ्यालाही सांगत नाही."

मग उरलेला प्रश्न माझाच निघाला. मी रूट. भाईंची संहिता, पोरांची पत्रं, सगळं मला वाचता येतं आणि मी वाचलं तर कुणाला कळणारही नाही. तीन महिने कुलपांबद्दल बोलतोय आणि हे कुणी विचारलं नव्हतं. मीही काढलं नव्हतं.

ठरलं ते असं. लॉगिनच्या नोंदी १८० दिवस ठेवायच्या. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांत हाच आकडा आहे, तोच धरला. वाचनाच्या नोंदी ठेवायच्या नाहीत. कुणाचं होम उघडायची वेळ आली तर दोघांनी मिळून, आणि आवक-जावक रजिस्टरात कारण लिहून. रूटचा पासवर्ड बंद पाकिटात ताईंच्या कपाटात, कपाटाची दुसरी चावी काकांकडे. आणि हे सगळं लॉगिन केल्याबरोबर पडद्यावर मराठीत दिसेल: काय नोंदवलं जातं, काय नाही, कुणाला काय दिसतं. सहा ओळी झाल्या. आठवी ओळ मी खोडली, ती धमकीसारखी वाचली जात होती. सातवी काकांनी.

संहितेचं: नाटक उभं राहीपर्यंत ती फक्त मंडळाला. काल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला सर्व्हर ती आपोआप सगळ्यांना मोकळी करील, तसा हुकूम आत्ताच लावून ठेवला. मुदत पासवर्डला घालण्यापेक्षा कुलपाला घातलेली बरी. भाई कुरकुरले, पण तारीख त्यांनीच दिली.

५ सप्टेंबर, गुरुवार

परवा चवथ. गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान आणायला जायचंय. आठवडाभर काही हलवायचं नाही. बारावीतल्याला सांगून ठेवलं: वीज जाऊन आली की वेब सेवा पाहा, बाकी कशाला हात लावू नको, अडलं तर फोन कर.

१४ सप्टेंबर, शनिवार

वीज चार वेळा गेली. फोन एकदाही आला नाही. सुडोच्या लॉगमध्ये त्याच्या नावावर चार ओळी, चारही वेब सेवेच्या.

१२ ऑक्टोबर, शनिवार

दसरा. सकाळी ताईंनी सरस्वतीपूजन केलं आणि सर्व्हरलाही झेंडूची माळ घातली, नेमकी पंख्यावर. दहाला तापमानाचा इशारा आला. माळ वरच्या अंगाला सरकवली.

अकराच्या सुमाराला सर आले. बगलेत लॅपटॉप. तीन महिने ते हस्तलिखितं ब्राउझरमधून वाचत होते, आणि एका उत्सवी नाटकाच्या स्कॅनवरून अख्खी संहिता त्यांनी टाइप करून काढलीय; मोडी वळणाचे शेरेसुद्धा उलगडलेत. ती सर्व्हरवर ठेवायची होती.

"कर बाबा ती तुझी किल्ली."

किल्ली तयार करायची कमांड त्यांनी स्वतःच टाइप केली, मी नुसता उभा. यंत्राने किल्लीसाठी परवलीचं वाक्य विचारलं. सरांनी माझ्याकडे पाहिलं, एंटर दाबलं. पुन्हा विचारलं. पुन्हा एंटर.

मी काही बोललो नाही. त्यांच्या किल्लीचा सार्वजनिक अर्धा सर्व्हरवर चढवताना ओळीच्या सुरुवातीला एक अट जोडली: ही किल्ली वाचनालयाच्या नेटवर्कच्या आतूनच चालेल. आणि पडदा त्यांच्याकडे वळवून ती ओळ दाखवली.

सरांनी चष्मा वर करून वाचली. "म्हणजे मी इथे येऊनच काम करायचं."

"हो."

"मी नाहीतर कुठून करणार होतो?" ते म्हणाले, आणि पंख्याजवळची खुर्ची ओढून बसले.